चोवीस तास आधी

नळ आपोआप बरा झाला, तेव्हा तिला आनंदच झाला. आठवडाभर टपटप करून त्याने तिचं डोकं उठवलं होतं, आणि एका संध्याकाळी ती कामावरून आली तर महाराज गप्प. माणसांची दुखणी कधी कधी औषधावाचून जातात, तसंच नळाचंही होत असेल, असं म्हणून तिने विषय सोडून दिला. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरातला अडकणारा ड्रॉवर सुरळीत सरकू लागला. त्यानंतर न्हाणीघराची ढिली कडी घट्ट झाली. शेवटी पलंगाच्या वर भिंतीला ठोकलेली फळी बरोब्बर चार बोटं वर गेली, तेव्हा मात्र तिच्या डोक्यात प्रकाश पडला की घरं अशी आपली आपण सुधारत नसतात. फळीवर एक चपटी लाल पेन्सिल राहिली होती. तसली पेन्सिल त्या अख्ख्या गल्लीत एकाच माणसाच्या कानावर असायची.

तो माणूस म्हणजे तिचे घरमालक, सुतारकाका. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची कपाटं आणि दुकानांची काउंटरं केली, आणि आता वय झाल्यावर मनाला येईल तेवढंच काम खालच्या वर्कशॉपमध्ये करत. वर्कशॉपच्या मागे ते आणि काकू राहत. वरच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या. दुसरी किल्ली वर्कशॉपच्या खिळ्याला टांगलेली असे, करवतीच्या शेजारी, म्हणजे तीही एक हत्यारच. वरच्या घरात काही बिघडलंय असं कळलं की काकांचा हात आपोआप तिकडे जाई. बिघडलंय हे त्यांना सांगावं लागत नसे. खाली काम करता करता छतातून ऐकूनच त्यांना कळायचं.

एरवी त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती. कुणाचा घरमालक गळका नळ सहा-सहा महिने बघत नाही, भाडेकरू फोन करकरून रडकुंडीला येतात. आणि इथे हे, न बोलावता हजर. ती ज्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची, तिथल्या बायकांना तिने हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, नशीब काढलंस. आता यावर काय बोलणार?

पण तिला ते पटेना. पेन्सिल सापडली त्या संध्याकाळी तिने घरात उगाच चार फेऱ्या मारल्या. उशीखाली काय होतं, खुर्चीवर कुठले कपडे टाकले होते, दोरीवर काय वाळत होतं, सगळं आठवून बघितलं. काका असल्या गोष्टींकडे ढुंकूनही बघणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. बघून बघून ते फळीची लेव्हल बघतील. तरी तिला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

याचं कारण समजायला तिचं आधीचं घर माहीत पाहिजे. ती एक्केचाळीस वर्षांची होती, आणि त्यातली सोळा वर्षं दादाच्या घरात मधल्या खोलीत राहिली होती. मधली खोली म्हणजे कागदोपत्री खोली. प्रत्यक्षात तो बाल्कनीत जायचा रस्ता. कपडे वाळत घालायला वहिनी जायची, फोनवर बोलायला दादा जायचा, भाचरं उगाचच जायची. दार होतं, पण वहिनीचं कपाट आल्यावर ते उघडेना म्हणून काढून माळ्यावर टाकलं होतं. दादा-वहिनी वाईट मुळीच नव्हती. तिला आवडतं म्हणून तिची चादर पिवळी घ्यायची, आजारी पडली तर उशाशी बसायची. फक्त सोळा वर्षांत तिच्या खोलीत येताना कुणी "येऊ का?" म्हणून विचारलं नव्हतं. विचारणार कुठे, दारच नव्हतं.

म्हणून ही वरची जागा बघायला आली तेव्हा तिने भिंती बघितल्या नाहीत, पाणी किती वेळ येतं ते विचारलं नाही. तिने दार लावलं, कडी घातली, काढली, परत घातली. दलाल घड्याळ बघत होता. सात पानी करारनामा, मुंगीएवढी अक्षरं, आणि जी बाई काचेवरचा केसाएवढा ओरखडा नुसत्या डोळ्यांनी पकडते तिने त्यातली एक ओळ वाचली नाही. दलालाने बोट ठेवलं तिथे सही केली. काकांनीही तेच केलं. त्यांचं सगळं लक्ष दलालाच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाकडे होतं.

तर अशा बाईने पेन्सिलीचं काय करावं? तिने खाली जाऊन भांडायला हवं होतं. ती खाली गेली खरी, आणि पेन्सिल काकांच्या हातात ठेवली. "अरे वा, दोन दिवस शोधतोय," असं म्हणत काकांनी ती कानावर चढवली आणि नळ कसा चाललाय ते विचारलं. छान चाललाय, थँक्यू काका, असं म्हणून ती वर आली. बोलायचं सगळं जिन्यातच राहिलं. हे घर हातचं गेलं तर परत मधली खोली, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात होता, आणि तो असला की तिच्या तोंडून थँक्यूशिवाय काही निघत नसे.

तिला एकच आधार होता, दाराच्या बिजागरीचा. ती अशी काही करकरायची की मेलेला माणूस उठून बसावा. आपण घरी असताना कुणी दार उघडलं तर निदान आधी कळेल, तेवढ्या वेळात ओढणी घेता येईल, पाय खाली ठेवता येतील. रोज दार उघडताना ती कुरकुर ऐकली की तिला बरं वाटायचं. आणि एका संध्याकाळी दार उघडलं तर आवाजच नाही. बिजागरीला बोट लावलं, तर बोटाला तेल. काकांनी आपल्या मते तिच्यावर उपकार केले होते.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी ती नाहून, ओले केस पाठीवर सोडून, दोन्ही पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसली होती. काहीही करत नव्हती. ती गोष्ट ती या घरात नव्याने शिकत होती आणि तिला ती जमायला लागली होती. तेवढ्यात दार अलगद उघडलं आणि काका आत आले, हातात अवजारांची पेटी, तोंडात कसलीशी शीळ. दोघंही दचकले. "अरे, आज घरी?" काका म्हणाले, जसं काही तिनेच येऊन त्यांना अडचणीत टाकलं होतं. आणि ही ताडकन उठून म्हणाली, "सॉरी काका."

काका खिडकीची फ्रेम ठोकून बघून दोन मिनिटांत गेले. तो सॉरी मात्र चार दिवस तिला बोचत राहिला. आपल्याच घरात आपण आहोत याची माफी मागणारी बाई जगात आपण एकटीच, असं तिला वाटलं. कडी आतून घातली नव्हती म्हणून तिने स्वतःलाही चार शिव्या दिल्या. पण ती घरी नसताना कडी कोण घालणार होतं?

म्हणून जेव्हा सिंकखालचा पाईप सांध्यातून गळायला लागला, तेव्हा तिने अक्षर काढलं नाही. सांगितलं तर काका येणार, आणि आले की पाईप करून थांबणार नाहीत, सिंकखालून निघून कपाटापर्यंत आणि कपाटातून आणखी कुठे कुठे पोचतील. तिने सांध्याला फडकं गुंडाळलं, त्याला दोरी बांधली आणि खाली पातेलं ठेवलं. काकांना छतातून ऐकू जाऊ नये म्हणून पातेल्यात स्पंज टाकला, ही अक्कल मात्र तिची. सकाळी कामाला जाताना पातेलं रिकामं करायचं, आल्यावर परत करायचं. मालकाला खुद्द त्याच्याच घराचा पत्ता लागू द्यायचा नाही, या उद्योगात ती इतकी रमली की गळती मोठी झाली हेही तिला कळलं नाही. असे तीन आठवडे गेले.

मग एका शनिवारी दुकानात एकाच घरातल्या पाच जणांचे चष्मे आले आणि तिला उशीर झाला. परतली तेव्हा घराचं दार उघडं होतं. काका स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसले होते, अर्धी पँट भिजलेली, एका हातात ते फडकं आणि दुसऱ्या हातात स्पंज. पाण्याचा मुख्य नळ त्यांनी बंद केला होता. पातेलं भरून पाणी फरशीवर आणि फरशीतून खाली वर्कशॉपमध्ये गेलं होतं. तिथे छताखाली एक सागवानी फळी ठेवलेली होती, एकसंध, काकांनी पंधरा वर्षं सांभाळून वाळवलेली. काकूंसाठी जेवणाचं टेबल करायचं म्हणून. चाळीस वर्षं लोकांना टेबलं करून दिली आणि स्वतःच्या घरात गिऱ्हाइकाने नाकारलेलं डुगडुगतं टेबल, यावरून काकू त्यांना उठताबसता टोमणे मारायच्या. पाणी नेमकं त्या फळीवर पडलं होतं.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. "तीन आठवडे," ती म्हणाली.

काका रागावतील असं तिला वाटलं होतं. ते फक्त त्या दोरीच्या गाठीकडे बघत राहिले, आणि फडकं ओट्यावर ठेवून खाली गेले. तिने कपाटातून पिशवी काढली. काढलेली पिशवी भरायची की नाही ते तिला ठरवता येईना, म्हणून तिने आधी फरशी पुसली. मग ट्रंकेतून तो सात पानी करारनामा शोधून काढला आणि पहिल्यांदा वाचायला घेतला. वाचता वाचता तिचा चेहरा पडला, मग थोडा खुलला, मग काय करावं ते तिला समजेना. ती कागद घेऊन तशीच खाली गेली.

काकू टेबलाशी बसल्या होत्या, काका भिंतीकडे तोंड करून. काकू तीस वर्षं सरकारी कचेरीत टाइपिस्ट होत्या आणि छापील कागद दिसला की त्यांची पाठ ताठ व्हायची. त्यांनी हात पुढे केला. नाकावरचा चष्मा तिनेच महिन्यापूर्वी बसवून दिला होता.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, सही करण्याआधी मला वाचू द्या," काकू नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, त्यात काय वाचायचंय."

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली, कलमांच्या आकड्यांसकट, स्वल्पविरामाला थांबत. कलम आठ. घरातल्या कोणत्याही बिघाडाची माहिती भाडेकरूने मालकाला ताबडतोब द्यावी, न दिल्यामुळे झालेलं नुकसान भाडेकरूने भरून द्यावं. तिने मान खाली घातली होती. काकांनी भिंतीकडेच बघत एकदा खाकरून घेतलं, म्हणजे बघा, असा त्याचा अर्थ.

काकूंनी पान उलटलं. कलम नऊ. मालकाने भाडेकरूच्या घरात प्रवेश करण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी सूचना द्यावी आणि भाडेकरूची संमती घ्यावी, आग, पूर किंवा तसंच संकट सोडून. त्यांनी चष्मा वर केला, नवऱ्याकडे बघितलं आणि तेच कलम पहिल्यापासून परत वाचलं.

"म्हणजे काय, माझ्याच घरात मी विचारून जायचं?" काका वळले.

"घर तुमचं आहे," काकू म्हणाल्या. "राहणं तिचं आहे."

"मी काय वाईट करायला जात होतो? नळ केला, कडी केली, फळी—"

"माहीत आहे काका," ती म्हणाली. "वाईट करायला आला असतात तर मी भांडले असते. तुम्ही चांगलंच करत होतात, म्हणून मला बोलताच येईना. मी सोळा वर्षं दार नसलेल्या खोलीत राहिलेय. इथे मला दार मिळालं, आणि त्याची किल्ली तुमच्या करवतीशेजारी. पाईप गळतोय म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात. तुम्ही येऊ नये म्हणून मी नाही सांगितलं. ते चुकलं माझं. फळीचं मी भरून देईन."

काकांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मी यायच्यापेक्षा तुम्हाला पाणी परवडलं."

हे ते रागाने म्हणाले नव्हते. गल्लीतला सगळ्यात चांगला घरमालक आपण आहोत असं त्या माणसाला मनापासून वाटत होतं, आणि त्याची भाडेकरीण त्याच्यापासून लपवायला पातेल्यात स्पंज टाकत होती. तिला त्यांची कीव आली, तरीही ती "हो" म्हणाली. काकूंनी करारनाम्याची पानं जुळवून टेबलावर ठेवली, आणि टेबल डुगडुगलं.

"फळीचं नुकसान कसं भरणार?" काकांनी विचारलं.

तिने सांगितलं की ती रोज आठ तास काचा घासते, तेव्हा लाकूडही घासता येईल. काका पहिल्यांदा हसले. त्यांना ते खरं वाटलं नाही.

ते खरं होतं. फळी वाळायला महिना गेला, आणि मग चार सुट्ट्या ती वर्कशॉपमध्ये पॉलिश पेपर घेऊन बसली. डाग निघाला. काकांनी हात फिरवून बघितला, आणि त्यांनी आयुष्यात हाताखाली ठेवलेल्या कुणाही माणसापेक्षा ही बाई बारीक घासते असं ते काकूंना म्हणाले. तिच्या तोंडावर म्हणाले नाहीत, पण काकूंकडे सांगितलेलं कधी कुणाच्या पोटात राहतं का? टेबल झालं. त्यावर पहिला चहा तिघांनी घेतला, आणि काकूंनी मुद्दाम दोन्ही कोपरं टेकून बघितली.

किल्ली तर पाणी पडलं त्याच रात्री करवतीशेजारून काकूंच्या कपाटात गेली होती, पाकिटात, आणि पाकिटावर टाइप केलेलं, आग किंवा पूर. पाईपसाठीची पहिली सूचना दुसऱ्याच दिवशी सकाळी तिच्या दाराखालून आली ती प्लायवुडच्या तुकड्यावर. 'उद्या अकरा वाजता, पाईप. चालेल का?' त्याखाली सुताराच्या हाताने काढलेले दोन काटकोनी चौकोन, एक हो आणि एक नाही. तिने हो वर खूण केली. पुढे वॉशरला हो, दिव्याच्या खटक्याला हो. तीही आता शिस्तीत वागू लागली होती. खिडकीतून पाण्याचा थेंब आला की लगेच खाली जाऊन सांगायची. ठरल्या वेळेला टकटक व्हायची, ती "या" म्हणायची, आणि तो एक शब्द उच्चारायला मिळतो म्हणून कधी कधी तिला वाटायचं, काहीतरी बिघडावं.

नाहीवर मात्र तिने कधी खूण केली नव्हती. कारणच काय होतं?

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी टकटक झाली. तुकडा आदल्या दिवशी आलेला होता, खिडकीची फ्रेम, दहा वाजता, आणि तिने सवयीने हो केलं होतं. आत ती ओले केस सोडून, पाय खुर्चीवर टाकून बसली होती. कुठे जायचं नव्हतं, कुणी यायचं नव्हतं, डोकं दुखत नव्हतं. फक्त उठावंसं वाटत नव्हतं. खिडकी काही आज पडणार नव्हती. तोंडात "या" तयार होता, सोळा वर्षांची सवय त्याच्या मागे उभी होती, आणि दाराशी पेटी घेऊन एक चांगला माणूस ताटकळत होता. ती उठली आणि दार वीतभर उघडलं.

"आज नको, काका," ती म्हणाली.

काका थांबले. काल हो म्हटलं होतं, असं ते म्हणतील, असं तिला वाटलं. ते कारणाची वाट बघत होते आणि कारण येईना. ताप आहे, पाहुणे आहेत, काहीही सांगता आलं असतं, तिच्या जिभेवर तीनचार कारणं आली होती. तिने ती तशीच गिळली. ती दारात उभी राहिली.

"बरं," काका म्हणाले. "मग कधी?"

"सांगते."

ते जिना उतरले. तिने दार लावलं आणि तिथेच कान देऊन उभी राहिली, ते रागावले का ते ऐकायला. खालून पेटी ठेवल्याचा आवाज आला. मग काकूंचा आवाज, इतक्यात कसे आलात म्हणून.

"नको म्हणाली," काका म्हणाले.

"का? बरं नाही का तिला?"

"कारण नाही सांगितलं," काका म्हणाले. आणि लगेच रंधा चालवायला लागता लागता त्यांनी पुढे जोडलं, "सांगावं लागत नाही."

ती खुर्चीवर येऊन बसली, पाय समोरच्या खुर्चीवर टाकले, आणि एकटीच, मोठ्याने, पोट धरून हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही तिने पुसलं नाही. बघायला कोण येणार होतं?